भैरोबाचा सिनेमा

मच्छिंद्र हा भालचंद्र शेठच्या तंबूतल्या सिनेमात समजावणारा होता. आता समजावणारा म्हणजे काय, तर पडद्याच्या डाव्या अंगाला एका खोक्यावर उभं राहायचं, हातात पत्र्याचा भोंगा धरायचा, आणि पडद्यावरची माणसं हिंदीत जे काही बोलतील ते गावाला गावाच्या बोलीत सांगायचं. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती, पण खेड्यातल्या माणसाला हिंदी-उर्दूतलं येत होतं ते इतकंच, दरखास्त, जुर्माना आणि हाजीर हो. एवढ्यावर सिनेमा कसा कळणार? नटी रडायला लागली की बाया एकमेकींना विचारायच्या, काय झालं गं, सासू मेली का? मच्छिंद्र भोंग्यातून सांगायचा, सासू न्हाई मेली, नवरा परागंदा झालाय. मग बाया मोकळ्या मनानं रडायच्या.

ही भाषा त्याला मायकडून मिळालेली. सगुणाबाईचा बाप जालन्याला गाडीवान होता. लग्न होईपर्यंत ती तिथल्या मोहल्ल्यात वाढली, शेजारच्या पोरींशी त्यांच्याच बोलीत भांडली, त्यांच्याच बोलीत हसली. उंबरगव्हाणला नांदायला आल्यावर तसं बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून ती पाळण्यातल्या पोराशी बोलायची. पोरगं मोठं झालं आणि त्याच बोलीवर भाकरी मिळवायला लागलं.

चैत्रात भैरोबाची जत्रा असते. त्या साली शेठनं तंबू उंबरगव्हाणलाच टाकायचं ठरवलं. दुसऱ्या कोणाला आपल्या गावात मिरवायला मिळालं असतं तर तो फुगला असता. मच्छिंद्राला मात्र ते नको होतं, कारण गावानं त्याच्या मायला वाळीत टाकलेलं होतं. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी त्याचा बाप कचरू वारला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. भावकीनं हात जोडून झालं, लेकाला सांभाळू म्हणून झालं, कावळा आपला बाभळीवर ढिम्म. तेव्हा देवस्थानाचे पंच रखमाजी पाटील पुढं झाले आणि म्हणाले, "कचरू भैरोबाला मळ्याचा तुकडा द्यायचा नवस बोलला होता. माझ्यासमोर बोलला. त्यातच जीव अडकलाय त्याचा. सगुणाबाई, तुम्ही फकस्त हो म्हना, कावळा आता येतो."

दुसरी कोणी असती तर हो म्हणाली असती. सगुणाबाई म्हणाली, "ते चिमूटभर तमाखूसुदिक मला इचारल्याबिगर खात नव्हते. जमीन बोलले आन मला न्हाई सांगितलं? खळ्यावर एवढे दाणे सांडलेत पाटील, कावळ्याचं पोट भरलेलं असंल." आणि तिनं पिंड उचलून गायीला चारला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरी निघून गेली. अहो, गाव बघतच राहिलं!

मग गावानं काय केलं, तर काहीच केलं नाही. वाळीत टाकणं म्हणजे तेच की. विहिरीवर ती आली की बायांनी घागरी उचलून बाजूला व्हायचं. कोणी चुलीला विस्तव द्यायचा नाही, पोरांनी तिच्या अंगणात खेळायचं नाही, रस्त्यात समोर आली तर भिंतीकडं बघायचं. तिनं विहीर सोडली आणि ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरायला लागली. मच्छिंद्र चार-सहा महिन्यांनी घरी यायचा. एकदा आला तर आतून बोलण्याचा आवाज, त्याला वाटलं कोणीतरी आलंय, देवा पावलास! आत बघतो तर माय तव्याशी बोलत होती. "आज लई तापून राह्यलास रे बाबा," असं म्हणत होती.

तो म्हणायचा, माय, चल माझ्यासंगं. ती म्हणायची, "तंबूच्या गाडीत मी कुठं ऱ्हाऊ? माझं घर हाये इथं. मी काय चोरी केली का, गाव सोडायला?"

तर जत्रेच्या दिवशी दुपारी रखमाजी पाटलांनी मच्छिंद्राला ओट्यावर बोलावून घेतलं. पाटील काही राक्षस नव्हते. बोलणं गोड, कोणाच्या पोराला ताप आला तर स्वतःची बैलगाडी जुंपून द्यायचे. फक्त देवस्थानाचं नाव निघालं की त्यांना देव आणि आपण यांत फरक दिसत नसे.

"मच्छिंदर, तुझा शेठ कोणतं चित्र लावून राह्यलाय?"

"हाये एक, मालक. हासायचं."

"कोणाला हासायचं?"

मच्छिंद्र भोंग्याचा पत्रा नखानं खरवडायला लागला.

"भोकरदनला माझा साडू बघून आल्ता. म्हनला, देवाधर्माची टिंगल हाये सगळी. जत्रा भैरोबाची हाये बाबा. उद्या पोरांनी तंबूला काडी लावली तर मी कोणाकोणाला आडवू?" मग पाटलांनी आवाज खाली आणला. "आन दुसरं, तुझ्या मायचं. पंचालाबी आता कटाळा आला. आज देवाला बट्टा न्हाई लागला तर उद्या सकाळी सगुणाबाईनं खुशाल हिरीवर यावं, पाणी भरावं. मळ्याचं नंतर पाहू. न्हाई तर मंग ती मरंस्तोर तशीच. बिलकुल तशीच. तिला खांदा द्यायलाबी कोणी यायचं न्हाई, हे ध्यानात ठेव."

खांद्याचं ऐकलं मात्र, माय मेलेली आहे, दाराशी आपण एकटेच उभे आहोत, आणि चार माणसं मिळत नाहीत, हे त्याला भर दुपारी ओट्यावर डोळ्यांसमोर दिसलं.

तो शेठकडं पळाला. भालचंद्र शेठ तंबूमागं इंजिनवाल्यावर खेकसत होता. "दुसरं चित्र कुठून आणू? रिळांची पेटी जालन्याला अडकलीय. लावायचं तर हेच, न्हाई तर सामान बांधा." मग त्यानं मच्छिंद्राच्या हातातल्या भोंग्याकडं बघितलं. "अरे येड्या, घाबरतो कशाला? भोंगा तर तुझ्याच हातात हाये. लोक तू सांगशील तेच बघणार!"

चित्र असं होतं. लहानपणी गलबत बुडून एक पोरगं एकट्या बेटावर वाढतं. त्याला ना देऊळ माहीत, ना मशीद, ना पुजारी. मोठा झाल्यावर एका फळीवरून वाहत वाहत तो एका तीर्थक्षेत्राच्या गावी लागतो, आणि जे दिसेल त्याबद्दल भाबडेपणानं विचारत सुटतो. त्याचं काही चुकत नाही, हीच तर सगळी गंमत. देवळाबाहेर जोडे बघून तो म्हणतो, आत गेलेली माणसं परत येत नाहीत वाटतं. भोकरदनला मच्छिंद्रानं हे जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि बाजाराला आलेली माणसं पोट धरून हसली होती. त्यालाही हे चित्र फार आवडायचं. का आवडायचं, ते सांगायला नको.

दिवेलागणीला तो मायला घेऊन आला. गावाबरोबर बसायची तिला सोय नव्हती, म्हणून त्यानं पडद्याच्या मागच्या बाजूला तिला पोतं अंथरून दिलं. पडद्याच्या कापडातून चित्र आरपार दिसतं, फक्त डावं उजवं होतं.

"उलटं दिसंल, माय."

"दिसू दे. मला कुठं त्यातल्या कोणाशी सोयरीक जमवायची?"

तो खाली बसून म्हणाला, "उद्या तुला हिरीवर पाणी भरायचंय."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "काय देऊन?"

"काहीच न्हाई."

"मळा?"

"न्हाई गं माय. काहीच न्हाई द्यायचं." आणि तो उठून खोक्यावर जाऊन उभा राहिला. तिथून त्याला एका बाजूला अख्खं गाव दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला, पडद्याच्या कडेपलीकडं, मायचे गुडघे.

तंबू गच्च भरला. डाव्या बाजूला गडी, उजव्या बाजूला बाया, मध्ये दोरीवर लुगडी टांगलेली. पुढच्या एकुलत्या खुर्चीवर रखमाजी पाटील. इंजिन धडधडायला लागलं, पडदा उजळला, समुद्र दिसला, आणि फळीला धरून तो माणूस किनाऱ्याला लागला. ओला, उघडा, केस खांद्यापर्यंत वाढलेले.

मच्छिंद्रानं भोंगा तोंडाला लावला. "मंडळी," तो म्हणाला, "हा जो वाहत आला, हा साधासुधा मानूस न्हाई. नीट बघा त्याच्याकडं. हा आपला भैरोबा! मानसाचं सोंग घेऊन आपल्या भगतांना पारखायला आलाय."

मग मागून एक म्हातारा ओरडला, "भैरोबाच्या नावानं!" आणि अख्ख्या तंबूनं "चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली. पाटील खुर्चीत टेकून बसले. माणसं एकेक करून उठली, बाहेर गेली, पायातल्या वहाणा काढून पुन्हा आत येऊन बसली.

आता बोला! ज्या चित्रात देवळाबाहेरच्या जोड्यांची चेष्टा, त्याच चित्राच्या तंबूबाहेर जोड्यांचा ढीग. मच्छिंद्राला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

एकदा सुरुवात झाल्यावर पुढं सोपं गेलं. खोटं बोलायला इतकं सोपं जातं याचंच त्याला भय वाटत होतं. पडद्यावरचा माणूस देवळाची घंटा दुपारभर बडवतो, कोणी बाहेर येत नाही, तेव्हा तो पायरीवरच्या भिकाऱ्याला म्हणतो, घरमालक परगावी गेलेला दिसतोय, उद्या येऊ. मच्छिंद्र म्हणाला, "देव घंटा वाजवून झोपलेल्या भगतांना जागं करून राह्यलाय." पुजारी बाहेर येऊन त्याला काठीनं झोडपतो. मच्छिंद्र म्हणाला, "हा पुजारी न्हाई मंडळी, पुजाऱ्याचं सोंग घेतलेला राक्षस हाये." त्यावर गड्यांनी पुजाऱ्याला अशा शिव्या घातल्या की विचारू नका, आणि पाटलांची त्याला हरकत नव्हती. कोणी तरी नारळ आणला. पहिलं रीळ संपून दिवे लागले तेव्हा पडद्यापुढं नारळ फुटत होते, बाया हळदकुंकू घेऊन रांगेत उभ्या होत्या. भालचंद्र शेठ तंबूच्या दाराशी डोळे फाडून बघत होता.

पडद्यामागून मात्र काही आवाज येत नव्हता. मायला सगळं कळत होतं. पडद्यावरचा काय बोलतो तेही, आणि लेक काय सांगतो तेही. मच्छिंद्रानं तिकडं बघायचं टाळलं. उद्या विहिरीवर पाणी भरलं की समजेल तिला, तो मनाला सांगत होता. कोणासाठी चाललंय हे सगळं?

मग विधवेचा प्रसंग आला. आता हा प्रसंग त्याला माहीत नव्हता असं नाही, चार वेळा त्यानं तो गावोगाव सांगितला होता. पण त्या रात्री तो येणार आहे हे त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं. पुजारी एका नुकत्याच रांडावलेल्या बाईला सांगतो, तुझा नवरा माझ्या स्वप्नात आला, तुझ्या गळ्यातलं सोनं देवाला वाहा म्हणाला, त्याशिवाय त्याला गती नाही. बाई सोनं काढायला हात गळ्याकडं नेते. तेवढ्यात तो बेटावरचा माणूस पुढं येतो आणि अगदी काळजीनं तिला विचारतो, बाई, तुमच्या नवऱ्याला आपल्या घरचा रस्ता माहीत नव्हता का? तुमच्या स्वप्नात यायचं सोडून तो ह्या जाड्याच्या घरी कसा गेला?

आणि पडद्यामागून हसणं आलं.

एकट्या बाईचं हसणं, पण केवढं! आधी खुदकन, मग दाबलेलं, मग दाबता न येणारं, पोटातून उसळलेलं. तीन वर्षं साठलेलं हसणं होतं ते. मच्छिंद्रानं लहानपणी ऐकलेलं, बाप असताना घरात ऐकू यायचं तेच. तिचे गुडघे हलत होते. क्षणभर त्याला इतकं बरं वाटलं की भोंगा फेकून द्यावा आणि जाऊन तिच्या शेजारी पोत्यावर बसावं.

तंबूत कोणाला काही कळलं नव्हतं. माणसं माना वळवून बघत होती. हसण्याजोगं इथं काय आहे? बिचारी विधवा, पुढं साक्षात देव, आणि हसतंय कोण? रखमाजी पाटील खुर्चीत पुढं सरले. "कोण हाये ती?" त्यांनी विचारलं. मोठ्यानं नाही विचारलं. मच्छिंद्राकडं बघून विचारलं.

मच्छिंद्रानं भोंगा वर केला. त्याचा आवाज तंबूभर गेला. "कोणी येडी बाई बसलीया मागं. तिच्याकडं ध्यान देऊ नका मंडळी."

अख्खा तंबू हसला. त्या रात्री तंबूत एवढी एकच गोष्ट हसण्यासारखी निघाली. पडद्यामागचं हसणं थांबलं.

तो पुढं बोलतच राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. "भैरोबा त्या माऊलीला काय सांगून राह्यलाय बघा. बाई गं, नवऱ्यानं देवाला शब्द दिला तो पुरा कर. न्हाई तर त्याचा जीव वाट चुकंल." उजव्या बाजूला बाया हमसून हमसून रडायला लागल्या. रखमाजी पाटलांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि ते खरोखरच भरून आले होते.

खेळ संपला तेव्हा पडद्यावर इतकं कुंकू लागलं होतं की कापड धुवावं लागणार होतं. पोत्यावर कोणी नव्हतं. मच्छिंद्र घरी गेला तर माय भिंतीकडं तोंड करून पडलेली. "माय," त्यानं हाक मारली. ती झोपली असेल असं तो धरून चालला, आणि दारातच आडवा झाला.

सकाळी शेठ स्वतः घरी आला. खुशीत होता. "मच्छिंदर, आता मंठ्याला जायचं, तिथंबी हेच सांगायचं. तिथं कोणता देव हाये तेवढं इचारून घे, त्याचं नाव टाकू." त्याच्या पाठोपाठ पाटलांचा गडी आला. पाटलांनी सांगितलंय, सगुणाबाईनं पाण्याला यावं, कोणी आडवणार न्हाई.

तिनं घागर घेतली. लुगडं तिनं धुतलेलं नेसलं होतं, एवढंच मच्छिंद्राच्या नजरेत आलं आणि त्याला वाटलं, चला, मनातून खूश आहे. तो दोर घेऊन तिच्याबरोबर निघाला.

विहिरीवर बायांनी घागरी उचलल्या नाहीत. बाजूला सरून जागा करून दिली. कोपऱ्याच्या घरातली तुळजाबाई, तीन वर्षांपूर्वी जी रोज दाण्याकण्यासाठी यायची ती, पुढं होऊन म्हणाली, "या वहिनी. दोर धरू का मी?" तिलाही बरं वाटत होतं. मच्छिंद्राला रडू यायला लागलं. झालं, संपलं सगळं, त्यानं मनात म्हटलं.

मग बाया बायाच, बोलायला लागल्या. रात्रीचा भैरोबा कसा दिसत होता, डोळे कसे पाणीदार होते. तुळजाबाई सहज म्हणाली, "आन वहिनी, तुम्ही मागंच बसल्या होत्या म्हनं. ती येडी कोण होती हो? असल्या वक्ताला हासली मेली."

काही न बोलता घागर सोडायची होती. नाहीतर म्हणायचं होतं, कोण जाणे बाई. मच्छिंद्रानं मायकडं बघितलं, डोळ्यांनी हात जोडले.

सगुणाबाईनं घागर कठड्यावर ठेवली. "मीच हासले," ती म्हणाली. "तो मानूस देव न्हाई का कोणी न्हाई. तो त्या बाईला इचारत होता, तुझा दादला घरचा रस्ता इसरला का, त्या पुजाऱ्याच्या सपनात कसा गेला? मला बराबर कळलं. मंग हासू न्हाई येणार?"

पलीकडं उभी असलेली एक नवी सून फिसकन हसली आणि लगेच तिनं पदर तोंडात कोंबला. बाकी कोणी हललं नाही. मग तुळजाबाईनं हळूच आपली घागर उचलली. तिच्यामागं दुसरीनं उचलली. मागच्या तीन वर्षांत हात बसलेला होता, वेळ लागला नाही. विहीर मोकळी झाली.

मच्छिंद्राच्या डोक्यात तिडीक गेली. "काहून, माय? काहून केलं असं? तुझ्यासाठी मी काय काय केलं रात्री! एक शब्द गिळला असता तर काय झालं असतं?"

सगुणाबाईनं रिकामी घागर काखेला घेतली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तीन वर्सं गाव माझ्याशी बोललं न्हाई," ती म्हणाली. "पण येडी मला कोणी म्हनलं नव्हतं रे बाबा. तू म्हनलास."

आणि ती ओढ्याकडं पाणी आणायला निघून गेली.